त्रिपोलीचे बंदिवान : गुलामगिरीचा राग नेमका कशाचा?

आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतोय ना? ठीक.

मागच्या वेळी आपण 'न्याय्य युद्ध' ही कल्पना कुठून आली ते पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी सुचवलं होतं, "सर, हे तत्त्व म्हणून पटतं, पण एखादं खरं युद्ध हातात घेऊन सांगा." सूचना रास्त होती. म्हणून आज एक युद्ध घेतो. ते फार मोठं नव्हतं. १८०१ ते १८०५ अशी चार वर्षं चाललं. एका बाजूला नुकताच जन्मलेला अमेरिका देश, दुसऱ्या बाजूला उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं त्रिपोली, म्हणजे आजच्या लिबियाची राजधानी. कारण वरवर पाहता अगदी सरळ होतं. त्रिपोलीसारख्या बंदरांतले दर्यावर्दी परक्यांची जहाजं पकडायचे, माल लुटायचे आणि खलाशांना गुलाम करायचे. अमेरिकेनं हे सहन करायचं नाही असं ठरवलं.

यात अवघड प्रश्न कसला, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. तो प्रश्न कुठे दडलाय ते शेवटी सांगतो. आधी हकीकत नीट समजून घेऊ, कारण हकीकत कच्ची असली की तत्त्वज्ञान हवेत जातं.

धंदा कसा चालायचा

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे चार सत्ता होत्या : मोरोक्को, अल्जीयर्स, ट्युनिस आणि त्रिपोली. मोरोक्को स्वतंत्र होता. बाकीच्या तीन नावापुरत्या तुर्की सुलतानाच्या आणि प्रत्यक्षात आपापल्या मनाच्या मालक. युरोपीय लोक या सगळ्या किनाऱ्याला 'बार्बरी' म्हणत.

इथली समुद्रावरची लूट म्हणजे चार गुंडांनी रात्री घातलेला दरोडा नव्हे. तो राज्याचा महसूल होता. राज्यकर्त्याच्या परवान्यानं गलबतं निघायची आणि लुटीतला ठरलेला हिस्सा त्याच्याकडे जायचा. पकडलेल्या माणसांपैकी काही राज्याचे गुलाम व्हायचे, काही बाजारात विकले जायचे. त्यांना दगडाच्या खाणीत, बंदराच्या बांधावर, जहाजदुरुस्तीत जुंपायचं. ज्यांच्या मागे पैसा असेल त्यांनी खंडणी भरून सुटायचं, नसेल त्यांनी तिथेच मरायचं. स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस, 'डॉन किहोते'चा कर्ता, १५७५ ते १५८० अशी पाच वर्षं अल्जीयर्समध्ये असाच गुलाम होता. १६२७ मध्ये हे लोक थेट आइसलंडपर्यंत पोचले आणि तिथून माणसं उचलून आणली.

आकडा किती? एका इतिहासकाराचा अंदाज आहे की १५३० ते १७८० या काळात या किनाऱ्यावर दहा लाखांहून अधिक युरोपीय माणसं गुलाम म्हणून आणली गेली. इतरांना हा आकडा फुगवलेला वाटतो. आकड्यावर वाद आहे, दुःखावर नाही.

पण लगेच दुसरी बाजूही लक्षात घ्या. हा धंदा एकतर्फी नव्हता. माल्टा बेटावरचे ख्रिस्ती सरदार मुसलमानांची जहाजं पकडून माणसं विकत, आणि हा प्रकार १७९८ मध्ये नेपोलियन तिथे येईपर्यंत चालला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात गेलात तर तिथल्या ड्यूकच्या पुतळ्याच्या पायाशी साखळीनं बांधलेले चार ब्राँझचे कैदी आजही दिसतात. ते उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेले बंदी आहेत. धर्माचा आधार दोन्हीकडे घेतला जायचा. १४५२ मध्ये पोपनं पोर्तुगीज राजाला मुसलमान आणि मूर्तिपूजक यांना कायमचं गुलाम करण्याची मुभा दिली होती. त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात सोळाव्या शतकात भर रस्त्यावर माणसांचा लिलाव व्हायचा, असं परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे.

'चाचा' हा शब्द कोण वापरतो?

इथे एक क्षण थांबू. मी 'दर्यावर्दी' म्हटलं, 'चाचे' म्हटलं नाही. का? कारण चाचा कोण हे बऱ्याचदा बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा नियम. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. पण समुद्रात परवाने विकण्याची पद्धत हिंदी महासागरात आधी कुणी रुजवली? पोर्तुगीजांनी. ते करत तेव्हा तो राजाचा अधिकार, आंग्र्यांनी केला की चाचेगिरी!

संत ऑगस्टीन या तत्त्वज्ञानं एक गोष्ट सांगितली आहे. अलेक्झांडरनं एका चाच्याला पकडून जाब विचारला, तेव्हा तो चाचा म्हणाला की, मी करतो तेच तू करतोस, फरक इतकाच की माझं जहाज लहान आणि तुझं आरमार मोठं. आणि योगायोग बघा, हा ऑगस्टीन हिप्पो इथला बिशप, म्हणजे आजचा अल्जीरियाचा किनारा. तोच बार्बरी किनारा, फक्त चौदाशे वर्षं आधीचा.

म्हणून 'चाचा' या शब्दावर आपण फार विसंबायचं नाही. 'गुलाम' हा शब्द मात्र वेगळा आहे. ज्याच्या पायात बेडी आहे त्याला ती कुठल्या राजाच्या परवान्यानं पडली यानं काही फरक पडत नाही. आजचा आपला धागा हा आहे.

छत्र गेलं तेव्हा

अमेरिकन वसाहती ब्रिटनच्या होत्या तोवर त्यांच्या व्यापारी जहाजांना ब्रिटिश आरमाराचं छत्र होतं. १७८३ मध्ये स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झालं आणि छत्र गेलं. स्वातंत्र्याचा हा हिशोब कुणी आधी मांडला नव्हता. १७८४ मध्ये मोरोक्कोनं एक अमेरिकन जहाज पकडलं. त्यांच्याशी लवकरच तह झाला. पण जुलै १७८५ मध्ये अल्जीयर्सच्या लोकांनी 'मारिया' आणि 'डॉफिन' ही दोन जहाजं पकडली. २१ माणसं कैद झाली.

ही २१ माणसं किती वर्षं तिथे राहिली असतील? जी जगली त्यांतली बहुतेक अकरा वर्षं. कित्येक जण प्लेगनं गेले. डॉफिनचे कप्तान रिचर्ड ओब्रायन सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत राहिले. जेम्स कॅथकार्ट नावाचा एक तरुण खलाशी पकडला गेला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. तो तिथे कारकुनी करत करत वर चढला, गुलामांच्या कोंडवाड्यातले दारूचे गुत्ते चालवले आणि शेवटी राज्यकर्त्याचा, म्हणजे 'डे'चा, ख्रिस्ती चिटणीस झाला. हा तपशील मुद्दाम सांगतोय. तिथली गुलामगिरी क्रूर होती, पण तिच्यातून वर येण्याची किंवा पैसे भरून सुटण्याची वाट होती. हे पुढे लागेल.

मार्च १७८६ मध्ये लंडनला दोन अमेरिकन मुत्सद्दी त्रिपोलीच्या वकिलाला भेटले. एक जॉन ॲडम्स, दुसरे थॉमस जेफरसन. दोघंही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी विचारलं, आम्ही तुमचं काही वाकडं केलेलं नसताना तुम्ही आमच्याशी युद्ध कसं करता? वकिलानं उत्तर दिलं त्याचा आशय असा की, आमच्या धर्माला न मानणाऱ्या राष्ट्रांशी लढणं आणि त्यांना गुलाम करणं हा आमचा हक्क आहे. आणि शांतता हवी असेल तर तिची किंमत आहे.

त्यानंतर ॲडम्स आणि जेफरसन यांच्यात पत्रांतून वाद झाला. ॲडम्स यांचं म्हणणं असं की, खंडणी देणं स्वस्त पडेल. लढायचं असेल तर कायम लढायची तयारी हवी, आणि ती आपल्या लोकांत दिसत नाही. जेफरसन म्हणत, एकदा दिलं की मागणं वाढत जाईल. न्याय, इभ्रत आणि खर्च या तिन्ही दृष्टींनी लढणंच बरं. आपल्याकडे चौथाई देणाऱ्या संस्थानिकांच्या दरबारात हाच वाद रंगला असेल, नाही का?

पण लढायला आरमारच नव्हतं. १७९३ मध्ये अल्जीयर्सनं काही आठवड्यांत ११ अमेरिकन जहाजं पकडली आणि शंभरहून अधिक माणसं बेड्यांत गेली. तेव्हा १७९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं सहा मोठ्या युद्धनौका बांधण्याचा कायदा केला. आजच्या बलाढ्य अमेरिकन आरमाराचा पाया तो. जहाजं तयार व्हायला वेळ होता म्हणून १७९५ मध्ये अल्जीयर्सशी तह करून ६,४२,५०० डॉलर रोख आणि शिवाय दरसाल जहाजबांधणीचं सामान द्यायचं कबूल केलं. सगळा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. सरकारचं वर्षाचं उत्पन्न साठ लाखांच्या आसपास. अंदाज करा!

युद्ध

जेफरसन यांचं भाकीत खरं ठरलं. अल्जीयर्सला इतकं मिळालं म्हटल्यावर त्रिपोलीच्या पाशाला आपला वाटा कमी वाटू लागला. हा पाशा युसुफ करमानली. एका भावाला ठार करून आणि दुसऱ्याला हाकलून गादीवर बसलेला. त्यानं नव्यानं २,२५,००० डॉलर मागितले. ते आले नाहीत तेव्हा १४ मे १८०१ रोजी त्यानं अमेरिकन वकिलातीसमोरचा झेंड्याचा खांब तोडायला लावला. तिथली युद्ध पुकारण्याची ती रीत. तोपर्यंत जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले होते.

पहिली दोन वर्षं युद्ध रेंगाळलं. मग ३१ ऑक्टोबर १८०३ चा दिवस उजाडला. 'फिलाडेल्फिया' नावाची ३६ तोफांची युद्धनौका एका त्रिपोलीच्या गलबताचा पाठलाग करता करता बंदराजवळच्या खडकावर चढली. कप्तान विल्यम बेनब्रिज यांनी तोफा समुद्रात टाकल्या, डोलकाठी तोडली, पण जहाज हललं नाही. अखेर झेंडा उतरवला. ३०७ माणसं कैद झाली. आणि दैव बघा, दोनच दिवसांत वारा फिरला, पाणी चढलं आणि त्रिपोलीच्या लोकांनी ते जहाज सुखरूप बंदरात नेलं.

ते शत्रूच्या हाती राहू नये म्हणून १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री स्टीफन डिकेटर हा तरुण अधिकारी एका पकडलेल्या स्थानिक गलबतातून बंदरात शिरला. आपला एकही माणूस न गमावता त्यानं फिलाडेल्फिया जाळून टाकली. हा पराक्रम अमेरिकन मुलांना शाळेत शिकवतात. मला मात्र त्या रात्री किनाऱ्यावरच्या तुरुंगात बसलेल्या तीनशे माणसांचं काय झालं असेल हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. आपलं जहाज जळतंय याचा आनंद मानायचा, की उद्या सकाळी पाठीवर बसणाऱ्या काठीची भीती बाळगायची?

या कैद्यांपैकी अधिकाऱ्यांना आधी एका बऱ्या घरात ठेवलं होतं. वाचायला पुस्तकं होती. डेन्मार्कचे वकील त्यांची काळजी घेत. साध्या खलाशांच्या वाट्याला दगड वाहणं, तटबंदी बांधणं, थंडीच्या दिवसांत पाण्यात उभं राहून बुडालेलं जहाज उकरणं. विल्यम रे नावाच्या एका कैद्यानं सुटल्यावर १८०८ मध्ये हे सगळं पुस्तकात लिहिलं. त्या पुस्तकात मारझोडीची वर्णनं आहेत. पण रे आणखीही एक गोष्ट बोलून दाखवतो. स्वतःच्या अमेरिकन जहाजावरही वरिष्ठ अधिकारी खलाशांना क्षुल्लक कारणावरून चाबकानं फोडून काढत. बेडी पायात पडल्यावर त्या माणसाला जुनं दुःख नव्यानं दिसलं.

शेवट कसा झाला? विल्यम ईटन नावाच्या माजी सेनाधिकाऱ्यानं एक धाडसी बेत केला. हाकलून दिलेला भाऊ हामेत करमानली याला इजिप्तमधून शोधून काढलं, सुमारे ४०० माणसं जमवली. त्यांत अमेरिकन मरीन जवान बोटांवर मोजण्याइतके, बाकी ग्रीक भाडोत्री सैनिक आणि अरब. वाळवंटातून आठशे किलोमीटरच्या आसपास चालत त्यांनी २७ एप्रिल १८०५ ला डर्ना शहर घेतलं. आता पाशा घाबरला. पण ४ जून १८०५ ला त्रिपोलीत तह झाला तो असा : कैद्यांची अदलाबदल, आणि अमेरिकेचे कैदी जास्त अडकलेले असल्यामुळे त्या फरकापोटी ६०,००० डॉलर. हामेतला गादी मिळालीच नाही. त्याला आणि मोजक्या लोकांना रात्री जहाजावर चढवलं आणि डर्नाच्या ज्या लोकांनी साथ दिली होती त्यांना मागे सोडलं. ईटनला हा विश्वासघात वाटला आणि तो मरेपर्यंत त्याबद्दल बोलत राहिला.

म्हणजे 'खंडणी देणार नाही' म्हणून सुरू झालेलं युद्ध पैसे मोजूनच संपलं. अल्जीयर्सची खंडणी तर आणखी काही वर्षं चालू राहिली. ती १८१५ च्या दुसऱ्या मोहिमेत सुटली.

घरात पाणी कोण भरत होतं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जेफरसन यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वर्गात मोठ्या उत्साहानं शिकवायचो. सर्व माणसं समान, वगैरे. एकदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, यांच्या घरी पाणी कोण भरत होतं?" वर्ग हसला. मी उत्तर टाळलं. ग्रंथालयात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम त्यांच्या मालकीचे होते. त्या मुलीची मी पुढच्या तासाला माफी मागितली.

तो प्रश्न त्रिपोलीच्या युद्धाला लावून बघा. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८०० मध्ये सुमारे नऊ लाख. आणि ही गुलामगिरी त्रिपोलीसारखी नव्हती. ती कातडीच्या रंगावर ठरायची आणि आईकडून मुलाकडे जायची. खंडणी भरून सोडवणारं कुठलं सरकार त्यांच्या पाठीशी नव्हतं. कॅथकार्टसारखा चिटणीस होण्याची वाटही नव्हती.

तारखा शेजारी ठेवा. ऑक्टोबर १८०३ च्या अखेरीस ३०७ अमेरिकन खलाशी त्रिपोलीत गुलाम झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलिना राज्यानं आफ्रिकेतून गुलाम आणण्यावरची स्वतःची बंदी उठवली. १८०७ संपेपर्यंत चार्ल्स्टनच्या बंदरात सुमारे ४०,००० माणसं उतरवून विकली गेली. तीनशे माणसांसाठी आरमार लढत होतं, आणि त्याच देशाच्या बंदरात चाळीस हजार माणसांचा बाजार भरत होता.

तुम्ही म्हणाल, आपण आजच्या चष्म्यातून पाहतोय, त्या काळात हे कुणाला खटकत नसेल. तसं नाही. खटकत होतं, आणि नेमकी हीच तुलना करून खटकत होतं.

१७९० मध्ये बेंजामिन फ्रँकलिन ८४ वर्षांचे होते. त्यांच्या संस्थेनं काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज केला. जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स जॅक्सन यांनी त्याला कडाडून विरोध केला. फ्रँकलिननी टोपणनावानं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. त्यात त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या अल्जीयर्सच्या दरबारातला एक काल्पनिक सभासद उभा केला. तो म्हणतो, ख्रिस्ती गुलामांना सोडलं तर आमची शेतं कोण करणार? मालकांची भरपाई कोण देणार? सोडले तर ते जाणार कुठे? आमच्याकडे ते सुखात आहेत, शिवाय खऱ्या धर्माचा प्रकाशही मिळतो. प्रत्येक मुद्दा जॅक्सन यांचाच, फक्त गोरा गुलाम आणि मुसलमान मालक अशी अदलाबदल. हे त्यांचं अखेरचं जाहीर लिखाण. महिन्याभरात ते गेले.

आणि ईटन? तोच, ज्यानं डर्ना जिंकलं. तो आधी ट्युनिसमध्ये वकील होता. १७९८ मध्ये ट्युनिसच्या लोकांनी सार्डिनियाजवळच्या एका बेटावरून ९०० हून अधिक माणसं पकडून आणली होती. त्यांचे हाल पाहून ईटननं बायकोला पत्र लिहिलं. त्याचा भाव असा की, हे पाहून मला पश्चात्ताप होतो, कारण माझ्या मायदेशात मी पाहिलेल्या क्रौर्याची ही नक्कल आहे. खरं सांगायचं तर इथले ख्रिस्ती गुलाम आमच्याकडच्या आफ्रिकन गुलामांपेक्षा बरे वागवले जातात. हे एका शूर शिपायाचं म्हणणं आहे, कुणा पुस्तकी माणसाचं नाही.

खुद्द जेफरसन? जाहीरनाम्याच्या १७७६ च्या मसुद्यात त्यांनी इंग्लंडच्या राजावर आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा ठपका ठेवला होता आणि त्या व्यापाराला चक्क चाचेगिरी म्हटलं होतं. काँग्रेसनं तो परिच्छेद काढून टाकला. म्हणजे शब्द त्यांना माहीत होता.

'तुम्हीही तेच करता' हे उत्तर आहे का?

आता माझ्या विषयाकडे येतो. यावरून घाईनं असा निष्कर्ष काढू नका की, 'अमेरिकन ढोंगी होते, म्हणून त्यांची तक्रार खोटी होती.' आपल्या न्यायशास्त्रात वादात हरण्याच्या ज्या जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं, त्यांत एक आहे 'मतानुज्ञा'. स्वतःच्या पक्षातला दोष खोडून न काढता, तो तसाच मान्य करून, समोरच्याला 'तुझ्यातही तोच दोष आहे' म्हणायचं. न्यायसूत्रकार सांगतात, असं म्हणणारा हरला. कारण दोष तर त्यानं कबूलच केला. त्रिपोलीचा पाशा जर म्हणाला असता, 'तुम्हीही गुलाम ठेवता', तर ते मतानुज्ञाच. त्यानं फिलाडेल्फियाच्या एकाही खलाशाची बेडी योग्य ठरत नाही.

मग फ्रँकलिननी वेगळं काय केलं? त्यांनी पाशाची बाजू घेतली नाही. त्यांनी जॅक्सन यांच्या हातात त्यांचंच कारण ठेवलं आणि विचारलं, हे कारण चांगलं आहे ना? मग ते अल्जीयर्सलाही लागू करा. तिथे चालत नसेल तर इथेही चालत नाही. कांटची नीतिमीमांसा याच परीक्षेवर उभी आहे : ज्या नियमानं मी वागतो तो सगळ्यांसाठी नियम व्हावा असं मला म्हणता येईल का? आणि माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचं नाही. कांटचा तो छोटा ग्रंथ १७८५ चा, म्हणजे मारिया आणि डॉफिन पकडली गेली त्याच वर्षीचा. अल्जीयर्सच्या कोंडवाड्यात त्या २१ माणसांना कांट ठाऊक असण्याचं कारण नाही, पण आपण कुणाच्या तरी कामाचं साधन झालोय हे त्यांना दर सकाळी कळत असणार.

म्हणून मी दोन प्रकारचे राग वेगळे करतो. एक राग म्हणतो, 'आमच्या माणसाला गुलाम करता?' दुसरा म्हणतो, 'माणसाला गुलाम करता?' पहिला राग खोटा नसतो. आपलं माणूस पकडलं गेलं की पोटात तुटतंच, आणि पुष्कळदा तिथूनच सुरुवात होते. पण तो पहिल्या पायरीवर थांबला तर तो न्यायाचा राग राहत नाही, फक्त इभ्रतीचा उरतो. ढोंगीपणा सिद्ध झाला म्हणून तक्रार रद्द होत नाही. तक्रार करणाऱ्यावर ऋण चढतं. जे तुम्ही दुसऱ्याकडे मागितलं ते तुम्हाला घरी द्यावं लागेल.

अमेरिकेनं हे ऋण फेडलं का? फार हळू, आणि फार रक्त सांडून. १८०७ मध्ये जेफरसन यांनीच परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. ती १८०८ पासून लागू झाली. १८२० मध्ये काँग्रेसनं गुलामांच्या सागरी व्यापाराला कायद्यानं चाचेगिरी ठरवलं, शिक्षा देहदंड. १७७६ च्या मसुद्यातून खोडलेला शब्द ४४ वर्षांनी कायद्यात आला! पण त्या कायद्याखाली फाशी किती जणांना झाली? एकाला. नॅथॅनिअल गॉर्डन नावाच्या कप्तानाला, १८६२ मध्ये, यादवी युद्ध पेटल्यावर. कायदा आणि फाशी यांत ४२ वर्षं.

दोन प्रश्न

वेळ संपत आलीय. चिठ्ठ्यांमधले दोन प्रश्न घेतो.

पहिला : "सर, मग ते युद्ध न्याय्य होतं की नाही?" कैदेतल्या खलाशांना सोडवण्याचं कारण न्याय्य होतं, असं मी म्हणेन. मार्गाबद्दल शंका आहेत. हामेतला आणि डर्नाच्या लोकांना वापरून टाकून दिलं, तेही माणसाला साधन करणंच झालं. कारण चांगलं असलं म्हणून प्रत्येक पाऊल चांगलं ठरत नाही.

दुसरा प्रश्न : "आपण दुसऱ्यांच्या इतिहासावर बोलतो, आपल्याकडे काय?" प्रश्न कुणी लिहिलाय माहीत नाही, पण मला शेवटच्या बाकावरची ती मुलगी आठवली. आपल्याकडे पेशवाईत कुणबिणी होत्या. विकत घेतलेल्या, विकल्या जाणाऱ्या, सरकारात आणि मोठ्या वाड्यांत राबणाऱ्या बायका. दफ्तरांत त्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, किमती आहेत. आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा म्हटलं की आपल्याला राग येतो, आणि तो येणं रास्त आहे. पण तो राग घेऊन वाड्याच्या मागच्या दारापर्यंतही जायला हवं.

पुढच्या वेळी याच धाग्यावर, 'ऋण' या कल्पनेवर बोलू.